करंगळीला जागा

गुरुवार, १० नोव्हेंबर

डायरी लिहायची कल्पना माझी नाही. माझ्या नवऱ्याच्या, डेलच्या, अंत्यविधीनंतर चर्चच्या पास्टरबाईंनी एक पत्रक हातात ठेवलं होतं, दुःखात काय करावं याचं. रोज थोडं लिहा, रोज थोडं चाला, एखादा नवा छंद लावून घ्या. लिहिणं बसून होतं म्हणून तिथून सुरुवात केली. चालायचं म्हटलं तर लोक गाडी थांबवून विचारतात, "इर्मा, गाडी बंद पडली का?" इतकी वर्षं शाळेची बस चालवली की मला पायी जाताना या गावात कोणी पाहिलेलंच नाही.

छंद मात्र ठरवलाय. पिस्तूल.

कोणी ऐकलं तर हसेल, पण ऐकायला आहे कोण. डेल दर गुरुवारी संध्याकाळी लोवेल केसलरच्या बंदुकांच्या दुकानाच्या तळघरातल्या नेमबाजीच्या रेंजवर जायचा. घरात हा माणूस मीठ मागायलासुद्धा नुसतं बोट दाखवायचा. पण गुरुवारी परतला की कधी शीळ घालत यायचा, कधी काही न बोलता माझ्या शेजारी कोचावर टेकायचा आणि विचारायचा, "काय चाललंय टीव्हीवर?" मी सांगायची, तो ऐकायचा. आठवड्यातला तेवढाच एक दिवस आमचा. रेंजवर असं काय होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं तर तेही थांबेल असं वाटायचं. आता गुरुवार आला की घर खायला उठतं. म्हणून मीच जाणार आहे, तिथे काय आहे ते बघायला.

डेलचं पिस्तूल घरात असतं तर तेच नेलं असतं. पण मुलगा कर्टिस अंत्यविधीहून ईरीला आपल्या घरी परत जाताना सगळ्या बंदुका गाडीत भरून घेऊन गेला. म्हणाला, "माझ्याकडे सुरक्षित राहतील, आई." हरणाची रायफल ठीक आहे, ती त्याच्या आजोबांची. पण पिस्तूलही? म्हणे हो, पिस्तूलही. पोटचा पोरगा असा हावरट निघेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

गेले. लोवेलनं मला पाहिलं आणि टोपी काढली. मग बाईमाणसाला पिस्तूल हवं म्हटल्यावर सगळे पुरुष जे करतात तेच त्यानं केलं. गुलाबी मुठीचं एक इवलंसं रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे सरकवलं.

"लोवेल," मी म्हटलं, "मी बाहुली मागितली का?"

बिचारा लाल झाला. मग त्यानं नीट दोन काढली. दोन्ही लहान, दोन्ही एकाच मापाच्या गोळीची. एक चपटं, साबणाच्या वडीएवढं, कोटाच्या खिशात घातलं तर कळणारसुद्धा नाही. दुसरं बुटकं, जाडसर, जरा जड. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा बसच्या गिअरनं खाल्लाय, त्यामुळे वरची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा सरकता भाग, मागे ओढताना दोन्ही वेळा ओठ चावला. मला चपटं आवडलं. हलकं ते सोपं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"घेऊन टाकते," मी म्हटलं.

"न चालवता घेऊ नका, मिसेस स्टाल. दोन्ही चालवून बघा. भाड्यानं देतो मी."

मला पटलं. न चालवता तर मी बससुद्धा ताब्यात घेत नसे. म्हटलं, दे मग, आहेच मी.

"कोण आलंय तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही."

तिथे घोडं अडलं. नियम आहे म्हणे. ज्याचं स्वतःचं पिस्तूल आहे तो खुशाल एकटा येऊ दे. ज्याचं नाही आणि जो नवा आहे, त्याला एकट्याला भाड्यानं मिळत नाही. ओळखीचं एक माणूस बरोबर हवं, आणि त्यानं शेजारी उभं राहायला हवं. आजूबाजूच्या रेंजवरही असंच आहे म्हणाला.

"म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच द्यायचं! असा नियम केला कोणी?"

"विम्याचं काहीतरी असतं," लोवेल काउंटरची काच पुसत म्हणाला. काच स्वच्छच होती.

एक माणूस बरोबर आणायचं. त्यात काय एवढं!

सोमवार, २१ नोव्हेंबर

फिलिसला विचारलं. चर्चमधल्या वाद्यवृंदात आम्ही शेजारी बसतो, इतक्या वर्षांची मैत्रीण. म्हणाली, "बाई गं, मला फटाका वाजला तरी धडधडतं." मग म्हणाली, "तू आमच्याकडे जेवायला ये ना एकदा." एकदा म्हणजे केव्हा ते सांगितलं नाही. डेल गेल्यापासून सगळे मला एकदा बोलावतात.

गुरुवार, २४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

कर्टिस यायचा होता, पण सूनबाईंच्या माहेरी सगळे जमलेत. ठीक आहे. टर्कीची एक तंगडी भाजली आणि उभ्यानं खाल्ली. टेबलावर बसलं की समोरची खुर्ची दिसते.

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा विचारलं, "एखाद्या गुरुवारी येशील का, माझ्याबरोबर रेंजवर?"

पलीकडचा टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला.

"आई, तुला पिस्तूल कशाला हवंय?"

"छंद."

"विणकाम कर ना."

"तुझ्या लहानपणी मी स्वेटर विणला होता, त्याच्या बाह्या तुझ्या गुडघ्यापर्यंत येत होत्या. आठवतंय?"

तो हसला नाही. एरवी या गोष्टीला हमखास हसतो.

बुधवार, ३० नोव्हेंबर

कर्टिस आता रोज फोन करतो. जेवलीस का, झोप लागली का, पडदे उघडलेस का. इतकी वर्षं महिन्यातून एकदा करायचा. बहुधा त्याला घराची काळजी लागलीय. विकायचं असेल.

गुरुवार, १ डिसेंबर

आज खोटं बोलले. लोवेलला सांगितलं, मैत्रीण बरोबर आहे, गाडीत बसलीय, पाय दुखतात तिचे. हा पठ्ठ्या सरळ दार उघडून पार्किंगमध्ये बघून आला! तीस-चाळीस पोरांच्या खोड्या आरशातून पकडणारी बाई मी, आणि एका दुकानदारानं मला पकडावं. हात दाखवून अवलक्षण.

पण तो ओरडला नाही. कॉफी दिली आणि विचारलं, "दिवस कसे जातायत?" मला बरं वाटलं. मी बोलत सुटले. सांगितलं, की आता सगळं आवरून झालंय. फ्रीझर रिकामा करून पुसून काढला. चिनी मातीच्या भांड्यांवर कोणाला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या लावल्या. कुत्रा, आमचा टफी, शेजारच्या वांडाला देऊन टाकला. कोणाचं काही अडणार नाही अशी सोय लावलीय. आता वेळच वेळ आहे, म्हणून म्हटलं पिस्तूल घेऊ.

ऐकता ऐकता लोवेलचा चेहरा पांढरा पडला. दुपारचं जेवण बाधलं असावं. दोन्ही पिस्तुलं उचलून मागच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाला, आज रेंज लवकर बंद आहे. खालून गोळ्यांचे आवाज तर चांगले ऐकू येत होते.

गुरुवार, ८ डिसेंबर

आता त्या दुकानाची पायरी चढणार नाही. कानाला खडा.

आज विकतच घ्यायचं म्हणून गेले होते, चपटं. भाडं नको आणि नियम नको. लोवेल काउंटरच्या मागून बाहेर आला. इतकी वर्षं ओळखते, त्याला काउंटरच्या या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर उभा राहून हळू आवाजात म्हणाला,

"मिसेस स्टाल, सरळ विचारतो. रागावा हवं तर. तुम्ही स्वतःला काही करून घ्यायचा विचार करताय का?"

मी म्हटलं, "नाही!" इतक्या जोरात म्हटलं की मासेमारीच्या गळांपाशी उभं असलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "तुला लाज नाही वाटत? डेलच्या बायकोला असं विचारतोस?"

"डेलच्या बायकोला म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला. "आज नाही विकणार मी तुम्हाला. उद्याही नाही. कोणीतरी बरोबर आणा, मग बघू."

मी दार आपटून आले. दाराला घंटा आहे, तिनं पुरता तमाशा केला.

शुक्रवार, ९ डिसेंबर

राग गेलेला नाही, पण एक गोष्ट लिहायला हवी. पत्रकात लिहिलंय की खरं लिहा.

काल गाडीत बसल्यावर किल्ली फिरवली आणि लक्षात आलं, की डेल गेल्यापासून मला कोणी खरा प्रश्नच विचारलेला नाही. कशी आहेस, असं विचारतात, पण पाय पुढे टाकत टाकत. लोवेल उत्तरासाठी थांबला होता.

मी नाही म्हणाले ते खरं आहे. पण पुरतं खरं नाही. मी काही करणार नव्हते. पण मागच्या रविवारी उठावंसं वाटेना, आणि पडल्या पडल्या मनात आलं, की नाही उठले तर कोणाला कळेल? गुरुवारी कचरा बाहेर आला नाही म्हणून कळेल. हा विचार आला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. ते आता लिहिताना वाटतंय.

फ्रीझर मी का रिकामा केला, ते मलाच नीट सांगता येत नाही.

रविवार, १८ डिसेंबर

वांडा क्रोल आली होती. ही माझी शेजारीण, आणि आमचं कधीच पटलेलं नाही. पहाटे पानं उडवायचं मशीन लावते. नाताळचे दिवे भर दुपारी लुकलुकत ठेवते. टफीला तिच्याकडे दिला तो केवळ तिच्या अंगणाला कुंपण आहे म्हणून, आणि तो दर गुरुवारी दाराशी बसून डेलची वाट बघायचा, ते मला बघवत नव्हतं म्हणून.

ती कुत्रा घेऊन दारात उभी. दुसऱ्या हातात पिएरोगींचं, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचं, भांडं.

"हा गुरुवारी तुझ्याच दाराकडे ओढ घेतो. माझा खांदा निखळायचा. गुरुवारी तू ठेव, बाकी मी ठेवते."

"गुरुवारी मला वेळ नाही," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

"कुठे जायचंय तुला? पोपला भेटायला?"

मग मी सगळं सांगितलं. नियम, फिलिस, लोवेलचा प्रश्न, सगळं. सांगताना मी रागावलेलीच होते. वांडा बूटही न काढता स्वयंपाकघरात बसली आणि ऐकत राहिली. बर्फाचं पाणी माझ्या फरशीवर. शेवटी म्हणाली,

"मग मला का नाही विचारलंस? मी काय मेले होते?"

"तू आणि मी..."

"आपण भांडतो. भांडायला ओळख लागतेच की. मी येते. तुझ्या त्या लोवेलला सांग, हिला मी पुरती ओळखते, ही खडूस आहे पण मरायची नाही इतक्यात. माझी शिडी अजून परत केलेली नाही हिनं."

गेल्यावर बघितलं तर टफी माझ्याच कोचावर झोपला होता. विसरून गेली की ठेवून गेली, कळलं नाही.

गुरुवार, ५ जानेवारी

आज चालवलं!

वांडानं काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि लोवेलला म्हणाली, "मी हिच्याबरोबर आहे. कुठे सही करू?" लोवेलनं आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उत्तर तेच आहे. पण विचारलंस ते बरं केलंस." तो खालच्या रेंजचा दिवा स्वतः लावायला आला.

आधी चपटं. लोवेलनं स्लाइडची युक्ती दाखवली, बोटांनी चिमटीत धरून ओढायची नाही, अख्ख्या पंजानं धरायची आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. अंगठा ओरडला नाही. मग मी चाप ओढला आणि देवा रे! मूर्ती लहान पण कीर्ती महान. हाताला मुंगूस चावल्यासारखं झालं. पहिली गोळी कागदात गेलीच नाही. हलकं ते सोपं, म्हणे! लहान गाडीला खड्डा जास्त लागतो हे मला, ड्रायव्हरला, कळू नये? शिवाय त्याची मूठ इतकी आखूड की माझी करंगळी खालून बाहेर राहते. हवेत लोंबकळत. बाकीच्या बोटांनी धरायचं आणि तिनं नुसतं बघत बसायचं.

बुटकं हातात घेतलं तर सगळी बोटं बसली. करंगळीसुद्धा. धक्का आहे, पण ढुशीसारखा, चाव्यासारखा नाही. पाच गोळ्या कागदात, एक पार काळ्या गोलाच्या कडेला.

मग वांडा म्हणाली, "बघू जरा." आणि आवाज सहन होत नाही म्हणून तीन पदरी कानटोपी घातलेल्या या बाईनं पहिल्याच फटक्यात मध्यभागी भोक पाडलं. आता वर्षभर ऐकावं लागणार.

मागच्या भिंतीशी एक बाक आहे. त्यावर हार्लन नावाचा म्हातारा बसला होता, डेलचा गुरुवारचा सोबती. मला म्हणाला, "या वहिनी. डेल सांगायचा तुमच्याबद्दल. बस चालवता चालवता नुसत्या आरशातल्या नजरेनं पोरांना गप्प करता म्हणून."

डेल माझ्याबद्दल सांगायचा. मला घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवार, १९ जानेवारी

पुन्हा दोन्ही चालवली. लोवेल म्हणाला, "मग? ठरलं का?" मी म्हटलं, "चपटं खिशात छान बसतं. बुटकं हातात छान बसतं. अजून एकदा बघावं लागेल."

परतताना वांडा गाडीत म्हणाली, "मागच्या वेळीही हेच म्हणालीस. तुझं ठरेल तेव्हा मी थडग्यात असेन."

"घाईनं घेऊ नये."

"इर्मा, करंगळीचं ठरलंय कधीचं. तुला भीती आहे, की स्वतःचं घेतलंस की मला यावं लागणार नाही. नियमानं तुला एकटीला येता येईल मग."

मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता, बर्फही नव्हतं.

"मी तरी येणारच," ती म्हणाली. "माझा नेम आहे. तुझा नाही."

गुरुवार, २६ जानेवारी

आज वांडा आजारी होती, म्हणून चालवलं नाही. नुसती बाकावर हार्लनजवळ बसले. लोवेल बसू देतो, पिस्तूल नसलं तरी. आज विचारायचंच असं ठरवून गेले होते.

"हार्लन, डेल इथे येऊन काय करायचा? काडतुसांची एक पेटी त्याला अख्खा हिवाळा पुरायची. मला वाटायचं कंजूष आहे."

हार्लननं कानातलं यंत्र नीट बसवलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत असतं तर विचारलं असतं का?"

"डेल गोळ्या झाडायचा कुठे, वहिनी! तो इथेच बसायचा, या बाकावर. कोणी एकटं यायचं, पिस्तूल नाही, बरोबर कोणी नाही, की लोवेल वरून फोन करायचा आणि डेल जिना चढून जायचा. म्हणायचा, 'हा माझ्याबरोबर आहे.' मग आधी कॉफी. वर, त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. बोलायचं. सरळ विचारायचं. लोवेलला तो प्रश्न डेलनंच शिकवला. अर्धे जण खाली येतच नसत. कॉफी पिऊन, बोलून घरी जायचे. काहींना डेल स्वतः दवाखान्यात घेऊन गेला, तिथे त्यांच्याजवळ बसला."

मी म्हटलं, "आणि उरलेले अर्धे?"

"त्यांना खरंच नेम धरायचा असायचा. नाहीतर नुसती सोबत." हार्लन आपल्या बुटांकडे बघत होता. "मी कुठल्या अर्ध्यातला ते विचारू नका. माझी बायको गेली त्या वर्षी मी आलो होतो. तेव्हापासून गुरुवार चुकवलेला नाही."

"मला कधी बोलला नाही तो."

"लोकांचं दुःख घरी न्यायचं नाही म्हणायचा. आता मला सारखा सारखा जिना चढवत नाही. लोवेलला काउंटर सोडता येत नाही. एकटे येतात ते परत जातात. कुठे जातात, देव जाणे."

घरी आले आणि मला डेलचा इतका राग आला की त्याची खुर्ची उचलून गॅरेजमध्ये ठेवली. परक्या माणसाला कॉफी पाजून विचारत होतास, बाबा कसा आहेस, काही करून घेणार नाहीस ना. आणि बायकोला? बायकोला मीठ!

रविवार, २९ जानेवारी

खुर्ची परत आणली.

गुरुवारचे ते दिवस आठवत बसले होते. शीळ घालत यायचा ते दिवस आणि नुसता येऊन शेजारी टेकायचा ते दिवस. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला असायचा. काय चाललंय टीव्हीवर, असं विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. मी त्याला मालिकेतल्या बाईचं लफडं सांगत बसायची.

त्याला टीव्हीचं काही पडलेलं नव्हतं. हे मला आत्ता कळतंय, सांगायला तो नाही तेव्हा. खूप रडले. टफी येऊन पायावर बसला.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

घेतलं. बुटकं. लोवेलनं फोनवरून सरकारी चौकशी केली, ती पार पडली, मग डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "डेलच्या बायकोला मी चुकून काही दिलं असतं ना, तर मला पुन्हा दुकान उघडता आलं नसतं." मी त्याच्या हातावर थापटलं. पिस्तूल तिथेच, त्याच्या तिजोरीत राहील असं मीच सुचवलं. गुरुवारी काढायचं, गुरुवारी ठेवायचं. घरी त्याचं काय काम?

कर्टिसला फोन केला. मीच, आपणहून. सांगितलं की घेतलं, आणि ते लोवेलकडे आहे, घरात नाही.

तो मग म्हणाला, "आई, मी बाबांच्या बंदुका का नेल्या माहितीय?"

"आता माहितीय," मी म्हटलं. "मी तुला हावरट समजत होते."

"समज. चालेल मला."

मग स्वेटरच्या बाह्यांची गोष्ट त्यानंच काढली, आणि आम्ही दोघं हसलो.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

अग्निशमन केंद्रात ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारचं मासळीचं जेवण. वांडाबरोबर गेले. तिथे फिलिस भेटली, म्हणाली, "एकदा ये ना जेवायला." मी म्हटलं, "मंगळवारी येते, सहा वाजता. वांडालाही आणते." तिला घाम फुटला. वांडा घरी येईपर्यंत हसत होती.

गुरुवार, २ मार्च

वांडा आणि मी खाली होतो. ती नेम धरत होती, मी बाकावर. हार्लन डुलकी घेत होता. भिंतीवरचा फोन वाजला, मी उचलला.

लोवेल म्हणाला, "मिसेस स्टाल, वर एक जण आलाय. एकटा."  'माझ्याबरोबर आहे' असं म्हणायची माझ्यावर जबरदस्ती नव्हती.

मी जिना चढले. गुडघा दुखतो, पण चढले. काउंटरशी लाकडाच्या गिरणीचं जॅकेट घातलेला एक माणूस, कर्टिसच्या वयाचा असेल. दाढी गुळगुळीत, नखं स्वच्छ, जणू चर्चला निघालाय. चपटं पिस्तूल काचेवर होतं, लोवेलचा पंजा त्यावर. माणूस मला बघून हसला, अगदी मोकळं हसला, आणि म्हणाला, "नियम कळत नाही मला, मॅडम. भाड्यानं फक्त थोडा वेळ हवं होतं. सगळं आवरून झालंय माझं. कुत्रासुद्धा भावाकडे दिला. आता वेळच वेळ आहे."

हे शब्द माझे होते. मी ते याच काचेवर कोपर ठेवून, असंच हसत म्हटले होते. बाहेरून ते कसे ऐकू येतात ते मला आज कळलं. लोवेलनं पिस्तूल उचलून कपाटात ठेवलं.

मी म्हटलं, "हा माझ्याबरोबर आहे."  मग त्याच्याकडे वळून म्हटलं, "आधी कॉफी. ये, बस."

"मी कॉफी प्यायला नाही आलो."

"मीही नव्हते आले. बस."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. नाव विचारलं, डीन. कुत्र्याचं नाव विचारलं. ते सांगताना त्याची हनुवटी हलली. मी साखर ढवळत राहिले, कारण हातांना काहीतरी हवं होतं, आणि मग चमचा खाली ठेवला. डेलसारखं मला जमेल का, मला माहीत नव्हतं. लोवेल विचारतो तसं विचारलं, सरळ, पुढे पाय न टाकता.

"डीन, तू स्वतःला काही करून घ्यायचा विचार करतोयस का?"

खाली वांडाचे बार चालले होते. डीन कपाकडे बघत राहिला.  त्याची कॉफी गार झाली. मी घाई केली नाही, उठून त्याला दुसरी आणली आणि पुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसले. मग तो बोलायला लागला.